कागदाचा लांडगा, कापडाचा रोहित

माढा तालुक्यात उजनी येथे भीमा नदीवरील धरणाचे काम १९८० साली पूर्णत्वास गेले. धरणामागे पसरलेल्या यशवंतसागर जलाशयाने सोलापूर, पुणे व अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या सीमेवरील मुलखाचे रूपच पालटले. नदीकाठची जुनी गावे उठली व उंचावर नव्याने वसली. ज्वारीच्या रानांच्या जागी ऊस व केळी आली. हिवाळ्यात पाणथळीवर रोहित, पट्टकादंब, चित्रबलाक, चमचा अशा पक्ष्यांचे थवे उतरू लागले. करमाळा तालुक्यातील केत्तूर, कुगाव, वाशिंबे, चिखलठाण, कंदर यांसारख्या जलाशयाकाठच्या गावांत पाखरांचा हा मेळा ज्या महिन्यांत भरतो, त्याच महिन्यांत शाळाशाळांतून स्नेहसंमेलनांचीही लगबग सुरू असते.

स्नेहसंमेलन म्हटले की प्राण्यांची सोंगे आलीच. बालवाडीपासून सातवीपर्यंतच्या कार्यक्रमात एखादे तरी ससा-सिंहाचे किंवा माकड-मगरीचे नाटुकले असते. त्यासाठी लागणारे पोशाख व डोकी अलीकडे शहरातील दुकानांतून भाड्याने आणण्याची प्रथा पडली आहे. भाडे, अनामत रक्कम व जाण्यायेण्याचा खर्च बहुधा पालकांवर पडतो. ज्याला हा भार पेलतो त्याचा मुलगा सिंह होतो. ज्याला पेलत नाही त्याची मुलगी समूहगीताच्या शेवटच्या रांगेत उभी राहते. मासेमारीवर गुजराण करणाऱ्या कुटुंबांतील मुले या रांगेत असतात. ऊसतोडणीसाठी दिवाळीच्या सुमारास येऊन उन्हाळ्याच्या तोंडावर परतणाऱ्या कुटुंबांतील मुलांचे तर नावच कार्यक्रमपत्रिकेत येत नाही. वास्तविक संमेलनाचा काळ हाच त्यांच्या या गावातील मुक्कामाचा काळ होय.

दुसरी उणीव अशी की, भाड्याच्या दुकानात सिंह, अस्वल व पेंग्विन मिळतात; जलाशयाकाठचा रोहित किंवा माळावरचा लांडगा मिळत नाही. शाळेच्या कौलांवरून दररोज उडत जाणारा पक्षी रंगमंचावर कधीच येत नाही, आणि न पाहिलेला पेंग्विन मात्र दरवर्षी येतो.

या दोन्ही उणिवांवर रद्दी कागद, पिठाची खळ व थोडा पुठ्ठा एवढ्या सामग्रीने तोड काढता येते. ही कल्पना नवी नाही. किंबहुना महाराष्ट्रात तिची परंपरा जुनी आहे.

बोहाड्याचे उदाहरण

पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा व विक्रमगड या तालुक्यांत, तसेच नाशिक जिल्ह्याच्या लगतच्या आदिवासी भागांत, होळीनंतरच्या दिवसांत बोहाड्याचा उत्सव होतो. रात्री संबळाच्या तालावर एकेक सोंग मशालींच्या उजेडात नाचत येते. गणपती, नृसिंह, रावण, महिषासुर अशा देवादिकांचे व दैत्यांचे मोठमोठे मुखवटे नाचणाऱ्यांनी धारण केलेले असतात. हे मुखवटे पूर्वी लाकडाचे कोरीत. पुढे ते कागदाच्या लगद्याचे होऊ लागले, आणि जव्हार परिसरातील कारागिरांचे हे काम आता दूरवर ओळखले जाते. लाकूड सोडून कागद जवळ करण्यामागील एक कारण नाचणाऱ्याला सहज पटेल : तासन्तास डोक्यावर वागवायचे शीर हलके हवे.

बोहाड्यातील मुखवटा पूजनीय असतो, शाळेतील शीर केवळ खेळासाठी असते. हा भेद शिक्षकांनी ध्यानात ठेवावा व देवांचे मुखवटे हौसेखातर करू नयेत. मात्र लगद्याची विद्या तीच आहे. सोलापूर जिल्ह्यालाही ती परकी नाही. जुन्या वह्या व वर्तमानपत्रे भिजवून, त्यांत मेथ्या वाटून घालून, पाटीवर थापून टोपल्या करणाऱ्या वृद्ध स्त्रिया खेडोपाडी अद्याप आढळतात. शाळेने प्रथम त्यांनाच बोलवावे. शहरातून आणलेल्या प्रशिक्षकापेक्षा गावातील अशी एखादी आजी मुलांना लगदा किती पिळावा हे अधिक चांगले शिकवू शकेल.

खळ व कागद

चिकटविण्यासाठी गव्हाच्या पिठाची किंवा मैद्याची खळ पुरेशी होते. एक वाटी पीठ प्रथम थंड पाण्यात गुठळी न राहील असे कालवावे, मग पाच वाट्या उकळत्या पाण्यात धार धरून ओतावे व ढवळत राहावे. पांढरा रंग जाऊन खळ किंचित पारदर्शक दिसू लागली म्हणजे ती झाली असे समजावे. चिंचोक्याची खळ याहून चिवट होते. चिंचोके भाजून टरफले काढावीत, रात्रभर भिजवून वाटावेत व शिजवावेत. कापडाच्या गिरण्या व माग यांनी नाव कमावलेल्या सोलापुरात सुताला खळ देणे म्हणजे काय हे सांगण्याची आवश्यकता नाही. चिंचोक्याच्या पिठाचा उपयोग त्या कामीही होत आला आहे.

खळीला बुरशी लागू नये म्हणून तुरटीची चिमूट किंवा कडुनिंबाच्या पाल्याचा काढा घालावा. काही ठिकाणी खळीत मोरचूद घालण्याची रीत होती. मोरचूद विषारी आहे, आणि मुलांचे हात खळीतून तोंडाकडे जाण्यास वेळ लागत नाही. शाळेत त्याचा वापर मुळीच होऊ नये.

कागद कात्रीने कापण्याऐवजी हाताने फाडावा. कापलेल्या पट्टीची कड सरळ व ताठ राहते व सुकल्यावर तिची रेघ वर उमटते; फाडलेल्या कडेचे तंतू मोकळे असल्याने त्या एकमेकींत मिसळून जातात. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटते आणि दुसऱ्या दिशेने वेडेवाकडे फाटते. कागदातील तंतूंचा कल त्यातून कळतो. एका थरातील पट्ट्या उभ्या लावल्या तर पुढील थरातील आडव्या लावाव्यात, म्हणजे कवच सर्व बाजूंनी सारखे बळकट होते. एक थर वर्तमानपत्राचा व एक तपकिरी कागदाचा लावल्यास कोठे पट्टी लावायची राहिली ते डोळ्यांना तत्काळ दिसते. असे सहा ते आठ थर पुरतात. दर दोन थरांनंतर कवच पुरते सुकू द्यावे. घाईने आठही थर एकाच दिवशी चढविले तर वरून कोरडे दिसणारे शीर आतून ओले राहते व आठवड्याभरात त्याला कुबट वास येऊ लागतो. सिमेंटच्या पिशव्यांचा जाड कागद फुकट मिळतो म्हणून तो वापरण्याचा मोह होतो. परंतु त्यातील भुकटी डोळ्यांना व त्वचेला अपायकारक असल्याने तो टाळलेलाच बरा.

लांडग्याचे शीर

सोलापूर जिल्ह्याच्या माळरानांचा खरा रहिवासी लांडगा होय. नान्नज परिसरातील गवताळ रानांत तो काळविटांच्या सोबतीने आढळतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश असून, मेंढपाळ धनगरांचे त्याच्याशी असलेले वैर व त्याच्याविषयीचे ज्ञान दोन्ही पिढ्यान्पिढ्यांचे आहे. गोष्टींतील लबाड लांडगा करण्यापूर्वी मुलांनी एखाद्या मेंढपाळाशी बोलावे. लांडगा गावच्या कुत्र्याहून कसा निराळा दिसतो, हे तो हातवारे करून दाखवील : मुस्कट लांब व निमुळते, कपाळ चपटे, कान ताठ व टोकदार, गालांचा व गळ्याचा रंग फिकट, डोळे पिवळसर आणि समोर रोखलेले.

येथे विज्ञानाचा एक पाठ सहज होतो. शिकार करणाऱ्या प्राण्याचे डोळे समोर असतात, कारण त्याला अंतराचा अंदाज हवा असतो. चरणाऱ्या प्राण्याचे डोळे बाजूंना असतात, कारण त्याला भोवतालचा धोका दिसावा लागतो. शेळी व लांडगा यांची शिरे शेजारी ठेवली की हा भेद पुस्तकाशिवाय समजतो.

साचा करण्यासाठी मोठे मडके पालथे घालून त्यावर माती चढवावी. आठ ते दहा वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारणपणे बावन्न सेंटिमीटरच्या आसपास असतो. शीर वरून सहज उतरावे यासाठी साच्याचा घेर साठ सेंटिमीटरहून कमी नसावा. सुतळीने प्रत्यक्ष घेर मोजून घेणे केव्हाही उत्तम. जलाशयाकाठचा काळा गाळ हाताशी असला तरी तो निव्वळ वापरू नये. काळी माती सुकताना आकसते व भेगाळते. तीत वाळू व बारीक भुसा मिसळावा, किंवा कुंभाराकडून मळलेली माती आणावी. मुस्कटाचा भाग निव्वळ मातीचा केल्यास वजनाने गळून पडतो, म्हणून आत कागदाचा घट्ट बोळा सुतळीने बांधून मग वर माती लिंपावी.

मातीवर पहिला थर खळ न लावता केवळ ओल्या कागदाचा द्यावा. हा थर विसरला गेला तर सारे शीर साच्याला चिकटून बसते व मडके फोडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. थर सुकल्यावर एका कानाच्या जागेपासून टाळूवरून दुसऱ्या कानापर्यंत आणि तेथून खालच्या कडेपर्यंत धारदार सुरीने चीर द्यावी. हे काम शिक्षकांनी स्वतः करावे. नारळाची करवंटी निघावी त्याप्रमाणे पुढचा व मागचा असे दोन भाग सुटे होतात. ते पुन्हा जुळवून चिरेवर आतून-बाहेरून पट्ट्या लावल्या की पोकळ शीर तयार होते. कान पुठ्ठ्याचे करून दाभणाने सुतळीचे दोन टाके घालून बसवावेत व टाक्यांवर कागद चढवावा. नुसते चिकटविलेले कान पहिल्याच तालमीत हाती येतात.

माती, मडके यांची सोय नसेल तर फुगा फुगवून त्यावर थर द्यावेत व पुठ्ठ्याचे मुस्कट जोडावे. हे काम लवकर होते. मात्र फुगा उन्हात ठेवू नये, आतील हवा तापून तो फुटतो व ओले कवच बसते. थर्मोकोलचा विचार मनातून काढून टाकावा. सजावटीच्या थर्मोकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि त्याचे कण अखेर जलाशयातच जातात.

आतील बाजू

शीर बाहेरून कसे दिसते याची सर्वांना काळजी असते. आतून कसे आहे याची फारशी कोणाला नसते. भाड्याच्या शिरांचा मोठा दोष हाच होय. मूल आत गुदमरते, त्याला पायरी दिसत नाही, आणि टाळ्यांच्या गजरात त्याचे रडणे ऐकू येत नाही.

सोंगाचे डोळे व मुलाचे डोळे यांची जागा एक असण्याचे कारण नाही. लांडग्याचे डोळे वर रंगवावेत. मुलाने मात्र लांडग्याच्या उघड्या तोंडातून पाहावे. जबड्याच्या पोकळीत मच्छरदाणीच्या जाळीचा काळा रंगविलेला तुकडा लावला की प्रेक्षकांना आतील चेहरा दिसत नाही व मुलाला बाहेरचे दिसते. कसोटी साधी आहे : शीर घालून उभ्या राहिलेल्या मुलाला स्वतःच्या पायांचे अंगठे दिसले पाहिजेत. न दिसल्यास जबडा आणखी कापावा. लांडग्याची ऐट थोडी कमी झाली तरी चालेल.

श्वासोच्छ्वासासाठी हनुवटीखाली मोकळी जागा व मागे टाळूपाशी तीन-चार भोके ठेवावीत. उष्ण हवा वर चढते; वर वाट मिळाली तर खालून ताजी हवा आत येते. वरची भोके कानांच्या मागे, केसांत लपतात.

राहिला तोलाचा प्रश्न. मुस्कट पुढे असल्याने शीर पुढे झुकते व मुलाच्या मानेला ओढ बसते. यावर घरोघरी असलेला उपाय म्हणजे चुंबळ. पाण्याची घागर डोक्यावर घेणारी स्त्री ज्या कापडी चुंबळीवर तिचा तोल सांभाळते, तशीच लहान चुंबळ शिराच्या आत टाळूच्या जागी टाके घालून बसवावी व तिला हनुवटीखाली बांधण्यास नाडी लावावी. नाडीला सुरगाठ असावी, म्हणजे मुलाला एका झटक्यात शीर उतरविता येते. एवढे करूनही शीर अर्ध्या किलोहून जड होत असेल तर थर कमी करावेत. पाच मिनिटांहून अधिक काळ कोणत्याही मुलाने पूर्ण झाकलेले शीर घालू नये, आणि आठ वर्षांखालील मुलांना तर ते देऊच नये.

रोहिताची टोपी

लहान मुलांसाठी दुसरी रीत आहे, आणि तीच अधिक चांगली म्हणावी लागेल. हीत मुलाचा चेहरा पूर्ण मोकळा राहतो. पक्ष्याचे शीर टोपीसारखे वर बसते.

रोहिताची मान लांब, पाय लांब व चोच मध्येच खाली वाकलेली असते. तो डोके उलटे करून चोच पाण्यात बुडवितो व चिखलपाण्यातील सूक्ष्म जीव व शेवाळ गाळून घेतो. चोचीचा बाक त्यासाठीच आहे. त्याचा गुलाबी रंग अन्नातील रंगद्रव्यांतून येतो, म्हणूनच पिल्ले राखाडी असतात. गटातील दोन-तीन मुलांना राखाडी टोप्या दिल्या तर प्रेक्षकांतून कोणीतरी कारण विचारील, आणि उत्तर देण्याची संधी त्या मुलांना मिळेल.

अर्ध्या फुग्यावर चार थरांची टोपी करावी. तिच्यावर वेताची किंवा बांबूची ओली कामटी वाकवून मानेचा आकार द्यावा, कामटीवर चिंध्या गुंडाळाव्यात व त्यावर जुन्या धोतराचे किंवा लुगड्याचे कापड शिवावे. डोके मुठीएवढ्या लगद्याचे, चोच पुठ्ठ्याची. चोचीचे टोक काळे रंगविण्यास विसरू नये. मान एक हातापेक्षा उंच केल्यास नाचताना ती डोलते व टोपी उडते.

रोहिताची वा इतर कोणत्याही वन्य पक्ष्याची खरी पिसे सजावटीसाठी गोळा करू नयेत. पिसाला मोल आहे असे मुलांनी एकदा मानले की घरट्यापर्यंत हात जाण्यास वेळ लागत नाही, आणि कायदाही त्यास अनुमती देत नाही. कापडाच्या कातरणांनी ते काम उत्तम भागते.

रंग व केस

रंग देण्यापूर्वी खडूची भुकटी डिंकाच्या पाण्यात कालवून तिचा पांढरा हात द्यावा. त्याने छापील अक्षरे झाकली जातात व रंग कमी लागतो. रंग बाजाराचेच हवेत असे नाही. काव, हळद, काजळी व खडू यांतून लांडग्याच्या अंगावरील सर्व छटा मिळतात. मात्र हळद उन्हात उडते हे लक्षात ठेवावे. केसांसाठी दख्खनी मेंढीची लोकर, काथ्या, घायपाताचा वाख, उसविलेले गोणपाट यांपैकी जे मिळेल ते घ्यावे. मानेकडून सुरुवात करून कपाळाकडे थर चिकटवीत जावे, कौले रचतात त्याप्रमाणे. वरचा थर खालच्याची मुळे झाकतो.

कागद, लोकर व वाख ही सारी पटकन पेट घेणारी आहेत. शीर घातलेल्या मुलाजवळ समई, मशाल किंवा फटाका असू नये. बोहाड्यातील मशाली पाहून त्यांचे अनुकरण करण्याची हौस शाळांनी करू नये. तेथे जाणती माणसे नाचत असतात.

आणखी एक सावधगिरी या भागापुरती सांगितली पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात माणसांवर हल्ले करणाऱ्या एका बिबट्याला ठार करावे लागले. तत्पूर्वीचे ते दिवस लोक विसरलेले नाहीत. उसातून सळसळ झाली तरी आजही हातात काठी येते. मुलांना बिबट्याचे शीर करावेसे वाटणे स्वाभाविक आहे, आणि भयाला आकार देऊन त्याच्याशी खेळणे हे वाईटही नाही. परंतु असे शीर घालून सायंकाळी बांधावर किंवा वस्तीकडे जाऊन कोणाला घाबरविण्याचा खेळ मुलाच्या जिवावर बेतू शकतो. बिबट्याचे शीर शाळेतच कुलपात ठेवावे व कार्यक्रमाच्या दिवशीच बाहेर काढावे. ग्रामपंचायत सदस्यांनीही पालकसभेत ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगावी.

कामाची वाटणी व जतन

या कामाला सुमारे दोन आठवडे लागतात, कारण बहुतेक वेळ सुकण्यात जातो. डिसेंबर-जानेवारीची कोरडी हवा त्यास अनुकूल असते. दररोज कार्यानुभवाच्या तासाला एक थर, एवढे काम पुरे. एका शिरासाठी चार-पाच मुलांचा गट नेमावा व त्या गटात ऊसतोडणी कामगारांचे किंवा मच्छीमार कुटुंबातील मूल आवर्जून घ्यावे. ज्याच्या वडिलांच्या होडीभोवती दररोज चित्रबलाक उतरतात, त्याला चोचीचे वळण इतरांहून अधिक ठाऊक असते. शीर कोणी घालावे याचा निर्णय मुलांवर सोपवावा. मात्र करणाऱ्या गटाबाहेरील मुलाने ते घालू नये, एवढा नियम शिक्षकांनी घालून द्यावा. फुलांचे हार व मंडप यांवर होणाऱ्या खर्चातून मैदा, तुरटी व रंग यांचा खर्च निघण्यास अडचण पडू नये.

संमेलनानंतर शिरे टाकून देऊ नयेत. पिठाच्या खळीला झुरळे व उंदीर लागतात, म्हणून प्रत्येक शिरात कडुनिंबाचा वाळला पाला भरून ते गोणपाटात गुंडाळावे व भिंतीपासून दूर, आढ्याला सुतळीने टांगून ठेवावे. पावसाळ्यात महिन्यातून एकदा ऊन पडेल त्या दिवशी ती बाहेर काढून वाळवावीत. नाडी व चुंबळ प्रत्येक वर्षी नवी बसवावी. शिराच्या आतल्या बाजूस ते करणाऱ्या मुलांची नावे व सन लिहून ठेवावे. साखर कारखान्यांचा हंगाम संपून गाव सोडून गेलेल्या मुलाचे नाव पुढील हंगामात तो परतला तर त्याला तेथे वाचता येईल.